फ्लूच्या महासाथीची तयारी शिकवणारा परिचारिकांचा वर्ग : सहा सत्रांनंतरचे परीक्षण

वस्तीपातळीवरच्या स्वयंसेवकांसाठी सार्वजनिक आरोग्य परिचारिकांनी घेतलेला, फ्लूच्या महासाथीच्या पूर्वतयारीचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. आठवड्यातून एक याप्रमाणे दोन-दोन तासांची सहा सत्रे आणि शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष सराव, अशी त्याची आखणी आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. समितीचे कागदपत्र सांभाळणारा माणूस म्हणून माझे नाव यादीत घातले गेले, आणि ‘हात धुवा, तोंड झाका’ यापलीकडे तेथे काही कानावर पडेल अशी माझी अपेक्षा नव्हती. ही अपेक्षा बऱ्याच अंशी खोटी ठरली. काही ठिकाणी मात्र वर्ग लंगडा पडला, आणि ज्यांना असा वर्ग आपल्याकडे भरवायचा आहे त्यांना त्या जागा आधीच ठाऊक असाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या सत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते परिचारिकेने न घेता आयोजक संस्थेच्या एका व्यवस्थापकाने घेतले आणि त्यात पडद्यावर आकडेच आकडे होते. १९१८ च्या साथीत जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली व मृत्यूंचा अंदाज पाच कोटींपर्यंत जातो, त्यानंतर १९५७, १९६८ आणि २००९ मध्ये पुन्हा महासाथी आल्या, हे सारे खरेच आहे. परंतु असे आकडे ओळीने ऐकवले की ऐकणारा घाबरतो किंवा कंटाळतो, आणि दोन्ही अवस्थांत तो शिकत नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी नीट उलगडली. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. त्यामुळे दोन निराळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर त्या तुकड्यांची अदलाबदल होऊन अगदी नवा विषाणू निपजू शकतो, आणि त्याची ओळखच नसलेल्या शरीरांत तो झपाट्याने पसरतो. दरवर्षी थोडाथोडा बदलणारा नेहमीचा फ्लू आणि महासाथ यांतला फरक मला इतक्या स्वच्छपणे आधी कोणी सांगितला नव्हता.

वर्ग खऱ्या अर्थाने सुरू झाला तो दुसऱ्या सत्रात, सिस्टर आल्या तेव्हा. घरभेटींच्या कामात उभी हयात घातलेल्या या बाईंनी आल्याआल्या फळ्यावर दोनच शब्द लिहिले : ‘सहा महिने’. नवा विषाणू ओळखला गेल्यापासून त्यावरची लस तयार होऊन बाहेर पडेपर्यंत साधारण पाच ते सहा महिने लागतात, आणि २००९ मध्येही एप्रिलमध्ये विषाणू सापडल्यावर लस हाती यायला शरद ऋतू उजाडला होता. त्या म्हणाल्या, “हा वर्ग या सहा महिन्यांचा आहे. नंतरचं लस बघून घेईल.” पुढच्या प्रत्येक सत्रात त्या या मुद्द्याकडे परत येत राहिल्या, आणि वर्गाचे बलस्थान माझ्या मते हेच आहे. पूर्वतयारी म्हणजे घरात वस्तूंचा साठा करणे, असा जो सर्वसाधारण समज असतो, तो त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच मोडून काढला. लस नसताना, औषध सर्वांना पुरेल याची खात्री नसताना आणि रुग्णालये भरलेली असताना बहुतेक आजारी माणसे घरीच असणार, त्यांची शुश्रूषा घरचेच माणूस करणार, आणि ते माणूस काय पाहते व काय करते यावर पुष्कळसे अवलंबून राहणार.

यानंतर त्यांनी विचारले, “तुमच्या घरी आजारी माणूस झोपेल कुठे?” आमच्या हातात दिलेल्या पुस्तिकेत ‘रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवावे’ असे एका वाक्यात सांगून विषय संपवला होता. वर्गातल्या निम्म्याहून अधिक लोकांकडे अशी रिकामी करता येण्याजोगी खोलीच नव्हती, आणि ते सांगायला प्रत्येकजण संकोचत होता. सिस्टरांनी तो संकोच ओळखला. त्यांनी एकेकाला आपल्या घराचा कच्चा नकाशा काढायला लावला, खिडक्या आणि दारे दाखवायला लावली, आणि त्या नकाशावर बोट ठेवून अंथरूण कोठे घालावे हे सांगितले : शक्यतो खिडकीजवळ, इतरांपासून जमेल तितके दूर, एकाच खोलीत झोपावे लागले तर एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांकडे. पडदा बांधल्याने डोळ्यांना आड होते, हवेला होत नाही; त्यामुळे पडद्यापेक्षा उघडी खिडकी अधिक कामाची. शुश्रूषेसाठी शक्यतो एकच माणूस ठरवावा, आणि ते गरोदर, वृद्ध किंवा जुनाट आजार असलेले नसावे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच माणूस विषाणू पसरवू लागतो. म्हणजे ताप आल्यावर वेगळे झोपवणे हे नेहमीच थोडे उशिराचे असते. साथ वस्तीत आली की घरात कोणी आजारी असो वा नसो, हवा खेळती ठेवणे आणि हात स्वच्छ ठेवणे चालूच ठेवायचे, याचे कारण मला त्या दिवशी कळले.

तिसरे सत्र सर्वांत उत्तम. त्यात एकच कौशल्य शिकवले गेले, श्वास मोजण्याचे, आणि दोन तास त्यालाच दिले याबद्दल मी आयोजकांचे कौतुक करीन. सिस्टरांनी एका लहान मुलाची चित्रफीत लावली आणि आम्हाला मिनिटभरात श्वास मोजायला सांगितले. माझे उत्तर ३६ आले, शेजारच्या गृहस्थांचे ५२, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीचे ४४. प्रत्येकाला स्वतःचेच उत्तर बरोबर वाटत होते. मी छाती पाहत होतो आणि मुलाने अंग हलवले की माझी मोजणी चुकत होती. शेजारचे गृहस्थ श्वास आत जाणे आणि बाहेर येणे अधूनमधून वेगळे धरत होते. आणि दोघांनीही पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह आवरला नव्हता. त्या म्हणाल्या, “लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही, त्यामुळे पंधरा सेकंदांची चूक गुणाकारात चौपट होते. पूर्ण मिनिट मोजा, मूल शांत असताना मोजा, पोटाकडे बघा, आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या.” मग पुन्हा चित्रफीत, पुन्हा मोजणी. पाचव्या खेपेला वर्गातल्या बहुतेकांची उत्तरे दोन-तीन आकड्यांच्या आत आली.

दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची खूण, हे मापदंड आता मला पाठ आहेत, पण ते पाठ असण्यापेक्षा मोजणीचा हात बसला आहे हे अधिक मोलाचे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे कसे दिसते, हेही त्याच सत्रात दाखवले गेले. एकदा पाहिल्यावर ते पुन्हा ओळखता येते; वाचून मात्र ते कधीच ओळखता आले नसते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल वर्गात साहजिकच विचारणा झाली. सिस्टरांनी त्याला नकार दिला नाही, परंतु बोट गार असेल, नखाला रंग असेल तर आकडा फसवतो आणि काळसर त्वचेवर तो प्रत्यक्षाहून थोडा जास्त दाखवू शकतो, हे सांगून त्यांनी त्याला दुय्यम जागा दिली. यंत्र ९६ दाखवत असेल आणि माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, तर विश्वास माणसावर ठेवायचा.

चौथ्या सत्रात शुश्रूषेचा भाग होता, आणि तेथे पहिल्या सत्रातले १९१८ साल पुन्हा आले, पण वेगळ्या चेहऱ्याने. न्यूयॉर्कमध्ये १८९३ साली घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम सुरू करणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी १९१८ च्या साथीत त्या शहरातील परिचारिकांच्या आपत्कालीन परिषदेची धुरा सांभाळली होती. फ्लूचा विषाणू माणसात ओळखला गेला तो १९३३ मध्ये. म्हणजे १९१८ च्या त्या परिचारिकांना शत्रू कोण हेदेखील माहीत नव्हते. लस नाही, विषाणूविरोधी औषध नाही, प्रतिजैविके नाहीत. होते ते पाणी, पातळ अन्न, स्वच्छ चादरी, उघडी खिडकी आणि कोणीतरी जागे असणे. सिस्टरांनी हा इतिहास दहा मिनिटांत सांगितला, आणि त्या दहा मिनिटांनी पहिल्या सत्राच्या दोन तासांहून अधिक काम केले. माझी आयोजकांना सूचना आहे की इतिहासाचा भाग थेट याच सत्रात घ्यावा आणि पहिले सत्र रद्द करावे.

त्यानंतरचा वेळ जलसंजीवनी तयार करण्यात गेला. तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण आमच्यापैकी अनेकांना ठाऊक होते. पण सिस्टरांनी प्रत्येकाला चमचा भरायला लावला आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग सरकवून दाखवला, तेव्हा ‘सपाट’ या शब्दाकडे आम्ही सर्वांनी आजवर दुर्लक्ष केले होते हे लक्षात आले. शीग लावलेल्या चमच्याने मीठ सहज दुप्पट पडते, आणि लहान मुलाला जास्त मीठ गेले तर ते अपायकारक ठरते. केलेले पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरले तर टाकायचे. मुलांना आणि किशोरवयीनांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन द्यायचे नाही, कारण त्यातून रे सिंड्रोम हा यकृत व मेंदूला इजा करणारा, क्वचित आढळणारा पण गंभीर विकार उद्भवू शकतो. ही गोष्ट वर्गातल्या दोघांनाच माहीत होती. विषाणूविरोधी औषध लक्षणे दिसल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले, पासष्टीपुढचे लोक आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांच्या बाबतीत ‘उद्या बघू’ म्हणायचे नाही.

सगळ्यांत जास्त वेळा त्यांनी सांगितलेली खूण मात्र निराळीच होती. ताप उतरला, माणूस उठून बसले, जेवले, आणि दोन-तीन दिवसांनी ताप उलटून आला व खोकला वाढला, तर ते जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाचे लक्षण असू शकते, आणि १९१८ मधील बरेचसे मृत्यू अशाच मागाहून आलेल्या न्यूमोनियाने झाले. घरचे लोक नेमके त्याच सुमारास निर्धास्त झालेले असतात. पुस्तिकेत ही खूण तळटीपेत आहे; ती मुखपृष्ठावर हवी.

पुस्तिकेचा विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दलची माझी मुख्य तक्रारही नोंदवतो. पृष्ठभाग पुसण्याच्या द्रावणासाठी त्यात ‘एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी’ एवढेच छापले आहे. मूळ ब्लीच किती टक्क्यांचे, याचा उल्लेखच नाही. पाच टक्क्यांच्या ब्लीचचे असे द्रावण अर्ध्या टक्क्याचे होते, जे सांडलेल्या रक्तासारख्या गोष्टींसाठी वापरतात. टेबल आणि दाराच्या कड्या पुसायला त्याच्या पाचव्या हिश्शाची, म्हणजे ०.१ टक्क्याची तीव्रता पुरते, आणि त्यासाठी एका भागाला ४९ भाग पाणी लागते. बंद खोलीत आजारी माणसाच्या उशाशी पाचपट तीव्र द्रावण वापरले तर त्याच्या खोकल्यात भरच पडायची. सिस्टरांनी पाचव्या सत्रात सर्वांना पेन काढायला लावून ती ओळ दुरुस्त करवली, आणि द्रावण रोज ताजे करावे व त्यात दुसरे कोणतेही साफसफाईचे रसायन मिसळू नये, हेही शेजारी लिहून घेतले. जी चूक शिक्षिकेला माहीत आहे ती पुढच्या छपाईतही तशीच राहावी, याला आयोजकांचा निष्काळजीपणा म्हणावे लागेल. ही पुस्तिका वर्गाला न आलेल्या लोकांच्याही हाती जाते, आणि त्यांच्याजवळ पेन घेऊन उभी राहणारी सिस्टर नसते.

मास्क आणि हातमोज्यांच्या भागात फारसे नवे नव्हते, एक प्रयोग सोडला तर. आमच्या हातमोज्यांना ओला रंग लावून ते सर्व साहित्य अंगावरून उतरवायला सांगितले गेले, आणि शेवटी आरसा दिला. माझ्या हनुवटीवर रंग होता, एका मनगटावर होता, आणि चष्म्याच्या काडीवरही होता. साहित्य घालताना आपण सगळेच सावध असतो. उतरवताना दमलेले असतो.

आता सरावाबद्दल, जेथे वर्गाची ताकद आणि उणीव दोन्ही एकदम समोर आली. पाचव्या सत्रात आम्हाला चाळीस घरांची यादी करायला सांगितले होते : कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाचे नियमित औषध चालू आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला वाचता येत नाही. हे काम चोखपणे करायला लावले गेले, आणि माहिती फक्त दोघांकडेच राहील, ती समूहात पाठवायची नाही, हा दंडकही घालून दिला गेला. सहाव्या सत्रात सिस्टरांनी अचानक ‘आज साथ सुरू झाली’ असे जाहीर करून फोनची साखळी चालवायला लावली. पहिल्या माणसाने दुसऱ्याला लावला, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसऱ्याचा क्रमांक बदललेला होता. आठवड्याभरापूर्वी केलेली यादी तिसऱ्याच कडीला तुटली. आम्ही हसलो, सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी प्रत्येकाच्या पुढे आणखी एक पर्यायी नाव लिहवून घेतले आणि साखळी पहिल्यापासून चालवली. या वेळी चाळीस घरांपर्यंत निरोप जायला पन्नास मिनिटे लागली, आणि एकट्या राहणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या एका आजींपर्यंत तो फोनने पोहोचलाच नाही, दार वाजवावे लागले.

इथवर सर्व उत्तम. पण मग मी विचारले की, साखळीतले आम्हीच आजारी पडलो तर? महासाथ म्हणजे एकाच वेळी अनेक लोक आडवे होणार, त्यात स्वयंसेवकही आलेच, आणि घरात शुश्रूषेसाठी ठरवलेले ते एक माणूसही आले. या प्रश्नाला वर्गाकडे तयार उत्तर नव्हते. सिस्टरांनी प्रामाणिकपणे मान्य केले की, आराखडा धडधाकट स्वयंसेवक धरून केलेला आहे, आणि प्रत्येक पाचव्या माणसाला साखळीतून वगळून सराव पुन्हा घ्यायला हवा. वेळ संपल्यामुळे तो झाला नाही. पहिल्या सत्रात वाया गेलेले दोन तास मला त्या क्षणी फार बोचले. एकट्याने राहणाऱ्या माणसाने स्वतःची काळजी कशी घ्यावी, यावरही सहा सत्रांत जेमतेम पाच मिनिटे खर्च झाली, वास्तविक यादीतल्या चाळीस घरांपैकी सात घरे तशीच होती. शुश्रूषा करणारी व्यक्ती रात्रीमागून रात्र जागल्यावर तिच्या निर्णयांचे काय होते, हाही विषय सुटला.

एवढे असूनही, हा वर्ग लावावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र अटींसह. शिकवणारी व्यक्ती घरभेटींचा अनुभव असलेली सार्वजनिक आरोग्य परिचारिका आहे, याची आधी खात्री करून घ्यावी, कारण हाच अभ्यासक्रम नुसत्या पडद्यावरून वाचून दाखवणाऱ्याच्या हाती गेला तर त्यात पुस्तिकेपलीकडे काही उरणार नाही. तिसरे आणि सहावे सत्र कोणत्याही कारणाने चुकवू नये. वीसहून अधिक लोक एका तुकडीत घेऊ नयेत. आम्ही अठरा होतो, आणि श्वास मोजताना प्रत्येकाजवळ येऊन उभे राहणे सिस्टरांना तेवढ्यातच कसेबसे जमत होते. पुस्तिका वाटण्यापूर्वी तिच्यातली ब्लीचची ओळ दुरुस्त करून घ्यावी.

शेवटी दिलेल्या अभिप्रायपत्रात ‘समाधानी’ आणि ‘असमाधानी’ असे दोनच चौकोन होते. मी पहिल्यावर खूण केली आणि कागद उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर साखळीतल्या प्रत्येक पाचव्या नावाला वगळून सराव कसा घेता येईल याचा आराखडा काढून दिला. सिस्टरांनी तो घडी घालून आपल्या वहीत ठेवला आणि पुढच्या तुकडीच्या सरावाला मला यायला सांगितले आहे. त्या दिवशी मी आजारी पडलेल्यांपैकी एक असणार आहे.